आमच्याकडे असंच वाजवतात

सिनेमात कोणी मेलं की मला फोन येतो. म्हातारा गेला, घोडा गेला, कारखाना बंद पडला, बाई घर सोडून निघाली, की बोलवा गिटारवाल्याला. मांडीवर आडवी गिटार घ्यायची, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची आणि प्रेक्षकांनी नाक पुसायचं. एकतीस वर्षं हाच धंदा चाललाय. सुरुवात लोकगीतांच्या साथीने झाली, म्हणून दिग्दर्शक मंडळी "जरा मातीचा सूर द्या" म्हणतात. माती म्हणजे नक्की कुठला सूर, हे आजवर एकानेही सांगितलेलं नाही.

या वाद्याची गोम अशी की गिटारच्या दांडीवरच्या पडद्यावर बोट दाबलं आणि सूर मिळाला, असं इथे होत नाही. कांडी केसभर सरकली की गेलं सगळं. सगळी भिस्त कानावर. आणि दोन वर्षांपासून माझ्या कानांनी वरच्या सुरांशी बोलणंच टाकलंय. बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, बेल वाजतेय! किती वेळ उभं ठेवणार त्या माणसाला?" मला वाटतं, बेल बिघडली. बेल दोनदा बदलून झाली.

"डॉक्टरांकडे चला," ती म्हणाली.

"आणि पुढे? बहिऱ्या गिटारवाल्याला कोण बोलावतं? मला दुसरं येतं काय? भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं तरी तू शेजाऱ्याला हाक मारतेस."

खिळ्याचं तिलाही मान्य होतं. स्टुडिओत मात्र कुणालाच पत्ता नव्हता. काचेपलीकडून आमचा रेकॉर्डिस्ट अंगठा वर करायचा, मी गिटार पेटीत घालायचो आणि घरी यायचो. सिनेमा लागला की सगळे म्हणायचे, काय वाजवलंय! मीही म्हणायचो, आहे अजून हातात.

मग हा नवा सिनेमा आला. दिग्दर्शकाला दोन संस्कृतींचा संवाद हवा होता. त्यासाठी दूरदेशीच्या एक बाई आणल्या, साठीच्या, गुडघ्यावर उभं धरायचं दोन तारांचं वाद्य गजाने वाजवणाऱ्या. बाईंची भाषा मला येईना, माझी त्यांना. मध्ये एक दुभाषी बसवली. एरवी मी एकटाच वाजवतो आणि बाकीचे नंतर जोडतात. इथे दिग्दर्शक हटून बसला की दोघांनी एका खोलीत, एकाच वेळी वाजवायचं.

पहिल्या दिवशी खालचे सूर झकास जमले. वर गेलो की बाई मला खटकायला लागल्या.

"त्यांना सांगा," मी दुभाषीला म्हटलं, "वर गेल्यावर जरा चढतंय तुमचं."

बाईंनी ऐकून मान लववली. दुसऱ्या दिवशी आल्या त्या माझ्या सुरात चपखल बसूनच. घरी गेल्यावर मी बायकोला ऐटीत सांगितलं, "मोठी बाई आहे, पण सांगावं लागलं हो मला." ती फक्त "हं" म्हणाली.

तिसऱ्या दिवशी खरं रेकॉर्डिंग. शेवटचा सूर विरला, मी काचेकडे पाहिलं. अंगठा नाही. रेकॉर्डिस्ट दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. मी आत गेलो.

"दादा, दार लावा," तो म्हणाला. "आज मला नाही दुरुस्त करता येणार."

"काय दुरुस्त?"

त्याने खुर्ची पुढे सरकवली. मी बसलो नाही. मग तो की-बोर्डकडे बघत बोलत राहिला. दोन वर्षं माझे वरचे सूर कणसूर लागतायत. मी घरी गेलो की तो एकेक सूर कॉम्प्युटरवर जागेवर आणून ठेवतो. पण आज एकच खोली होती, माझ्या माइकमध्ये बाई आणि त्यांच्या माइकमध्ये मी. "आणि दादा, त्या तुमच्या मागोमाग खाली उतरल्यात. तुम्हाला सरळ केलं की त्या वाकड्या होतात."

"दोन वर्षं मूग गिळून बसलास? मला एका शब्दाने बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही यायचं थांबला असता."

डोक्यात अशी तिडीक गेली! त्याने दुष्टपणाने केलं असतं तर एक ठेवून दिली असती. पण गाढवाने मायेने केलं होतं, त्यामुळे तीही सोय राहिली नाही. लाज वाटली, अंगभर लाज. दोन वर्षं लोकांनी वाहवा केली ती याच्या बोटांची होती.

राग कुठेतरी काढायला हवा होता. मी तरातरा बाहेर आलो. "विचारा बाईंना. कान शाबूत आहेत ना त्यांचे? मग मी चुकत असताना माझ्या मागे का आल्या?"

बाई पुष्कळ बोलल्या. दुभाषी म्हणाली, "त्या म्हणतात, चूक कशाला? वर गेल्यावर तुम्ही किंचित खाली राहता. त्यांना वाटलं, तुमच्याकडे दुःख असंच वाजवतात. पहिल्या दिवसापासून हॉटेलच्या खोलीत त्याचाच सराव करतायत. फार आवडलंय त्यांना. घरी गेल्यावर शिष्यांना शिकवणार आहेत. तुमचे आभार मानतायत."

रेकॉर्डिस्ट मागे येऊन उभा होता. तो माझ्या कानाशी वाकला. "दादा, हो म्हणा. दिग्दर्शकालाही हेच सांगू. परंपरा आहे म्हणू. कोण तपासायला येतंय?"

बरोबर होतं त्याचं. कोणीही आलं नसतं. आणखी दहा वर्षं निघाली असती, वर एखादं बक्षीससुद्धा. आणि कुठल्यातरी दूरच्या गावात दहा-बारा पोरं माझं बहिरेपण घोटत बसली असती.

"नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे असं वाजवत नाहीत. मला ऐकू येत नाही."

बायकोलासुद्धा हे कधी असं सरळ म्हटलं नव्हतं.

"असंच सांगू?" दुभाषीने विचारलं.

"असंच सांगा."

बाईंनी ऐकलं. सॉरीबिरी काही नाही, तोंड पाडणं नाही. खुर्ची माझ्यासमोर ओढली, वाद्य गुडघ्यावर घेतलं आणि काहीतरी म्हणाल्या.

"त्या खालून वर जाणार आहेत," दुभाषी म्हणाली. "ऐकू यायचं थांबलं की हात वर करा. तुमच्यासाठी कुठवर वाजवायचं, ते त्यांना कळायला हवं."

त्यांनी गज लावला. सूर चढत गेला, बारीक झाला, आणखी बारीक झाला. मी हात वर केला. गज चालूच राहिला. दुभाषी डोळे मिटून ऐकत होती, रेकॉर्डिस्टही. काहीतरी फार सुंदर चाललं असावं.