सहभागी नऊ

"तेवढं कबुतरांचं काढून टाकाल?"

पलीकडून आवाज आला आणि लॉर्ना हेस्लॉपचा माउसवरचा हात तसाच थांबला. संगणकाच्या पडद्यावर नुसता काळा चौकोन होता. कॅमेरा बंद ठेवू का, असं त्या बाईनं सुरुवातीलाच विचारलं होतं. चेहरा कधी दिसलाच नव्हता. होता तो फक्त आवाज, थोडासा घोगरा, आणि वाक्य संपवण्याआधी किंचित थांबण्याची त्याची लकब.

"काढते," लॉर्ना म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते सगळं काढता येतं. हवं तर अख्खी मुलाखतच."

"नको, बाकीचं राहू दे. कुणाला उपयोग झाला तर होऊ दे." मग पुन्हा ते थांबणं. "तुम्ही टाइन नदीकाठच्या ना? बोलण्यावरून वाटलं."

"हो. न्यूकॅसलला ऑफिस आहे आमचं."

हे खोटं नव्हतं. पण आपण तिथून जवळच वॉल्सेंडला राहतो हे लॉर्नानं सांगितलं नाही, आणि मघापासून टेबलाची कड घट्ट धरून बसलो आहोत हेही नाही.

लोकांना घर विकत घेताना कुठं अडायला होतं, कशाची भीती वाटते, हे सरकारला जाणून घ्यायचं होतं. लॉर्नाचं काम लोकांशी बोलायचं, त्यांचं म्हणणं नाव-गाव गाळून लिहून काढायचं. खरी नावं दुसऱ्याच एका कंपनीकडे असत. लॉर्नाच्या कागदावर ही बाई फक्त 'सहभागी नऊ' होती. पस्तिशीपासून पन्नाशी ओलांडेपर्यंत भाड्याच्या घरात राहिली आणि गेल्या वसंतात तिनं पहिलं घर घेतलं. इतकी वर्षं का थांबलात, या साध्या प्रश्नाचं उत्तर ऐकता ऐकता लॉर्नाचा चहा गार झाला होता.

"घर घेतलं की सरकारी नोंदणीत नाव लागतं," बाई म्हणाली होती. "आणि पत्ता माहीत असला की थोडेसे पैसे टाकून कुणीही मालकाचं नाव बघू शकतं. तुम्ही त्याला पारदर्शकता म्हणता. मी दर वेळी विचार करायचे, उद्या शेजारच्याचा कुणी पाहुणा उत्सुकतेनं बघेल, घरी जाऊन कुणाशी बोलेल, आणि ते फिरत फिरत त्याच्या कानावर जाईल."

"त्याच्या म्हणजे?"

"नवऱ्याच्या. एकदा सोडून पळाले होते मी. पत्ता फक्त वडिलांना ठाऊक होता. तो त्यांच्याकडे गेला, स्वयंपाकघरात बसून रडला. वडिलांनी त्याला चहा दिला, आणि पत्ताही दिला. वाईट मनानं नाही हं. रडणारा पुरुष त्यांनी कधी बघितला नव्हता." पुन्हा ते थांबणं. "दंडात हाड जोडायला घातलेली पट्टी अजून आहे माझ्या. दुसऱ्यांदा गेले तेव्हा वडिलांनासुद्धा सांगितलं नाही."

लॉर्ना तोवर नुसती टिपणं काढत होती. असं ऐकण्याची तिला सवय नव्हती असं नाही. पण मग, आता स्वतःचं घर झाल्यावर काय काय करायचं मनात आहे, असं तिनं विचारलं, तेव्हा बाई पहिल्यांदाच हसली. मागच्या अंगणात कबुतरं पाळायची आहेत, भाड्याच्या घरात कोण पाळू देणार, म्हणाली. लहानपणी वडिलांची एक पांढरी मादी तिनं लोकरी जाकिटात लपवून शाळेत नेली होती, नेमकी तपासनीस यायच्या दिवशी. गणिताच्या तासाला जाकीट घुमायला लागलं. 'बाई, माझं पोट बोलतंय,' असं तिनं शिक्षिकेला ठणकावून सांगितलं होतं.

माझं पोट बोलतंय. हे वाक्य लॉर्नानं किती वेळा ऐकलं होतं याची गणतीच नव्हती. याच शब्दांत, याच जागी थांबून. शेजारच्या विल्फ चार्लटनच्या तोंडून.

*

"ती तुला ओळखते?" फर्झानानं विचारलं. फर्झाना लॉर्नाची वरिष्ठ. वयानं लहान, पण तिच्यासमोर उगाच बोलायची कुणाची हिंमत नसे.

"नाही. मी त्या गल्लीत आले त्याच्या आधीच ती गेलेली."

"मग तू तिला?"

"तिच्या घरच्यांना ओळखते. तिचे वडील माझ्या—"

फर्झानानं हात वर केला. "थांब. कोण ते सांगू नकोस. मला कळायची गरज नाही."

ती संगणकाकडे वळली. लॉर्ना तिच्या बोटांकडे बघत उभी राहिली. फर्झानानं ती मुलाखत उघडण्याची लॉर्नाची परवानगी काढून टाकली, कबुतरांचा भाग स्वतः कापला, आणि घराच्या गावाचा उल्लेख होता तिथं नुसतं 'इंग्लंडमधलं एक गाव' असं ठेवलं. ते गाव कुठलं, हे इथंही सांगण्याचं कारण नाही.

"लंडनहून निरोप होता," फर्झाना मान न वळवता म्हणाली. "मंत्रीसाहेबांच्या बैठकीत एखादी मुलाखत ऐकवायची आहे. म्हणे खरा आवाज काळजाला भिडतो. हीच मागत होते."

"तिनं आवाज ऐकवायला होकार दिलेला नाही."

"माहीत आहे. नाही म्हणून कळवलंय. लिहिलेलं वाचा म्हणावं, वाचता येत असेल तर." मग ती लॉर्नाकडे वळली आणि तिचा स्वर उतरला. "घरी जा आज. आणि त्या माणसाकडे काही दिवस नाही गेलीस तर चालेल का?"

लॉर्नानं कोट उचलला. "त्यांना सूप कोण देईल?"

*

विल्फचं आयुष्य जहाजाच्या गोदीत गेलं होतं आणि गोदीनं त्याची छाती खाल्ली होती. आता तो समोरच्या खोलीतच झोपे, खाई. नाकाशी प्राणवायूची नळी असे. कबुतरं केव्हाच क्लबातल्या दोस्ताला देऊन टाकली होती. लॉर्नाचा नवरा कीथ गेला त्या हिवाळ्यात हाच म्हातारा रोज सकाळी न सांगता तिच्या दारातला बर्फ ओढायचा, आणि आभार मानले की म्हणायचा, "कुणाचे आभार? माझ्याच फावड्याला व्यायाम."

मुलीचा विषय निघाला की मात्र त्याची बडबड दोनच गोष्टींवर येऊन थांबे. एक ती कबुतराची. दुसरी, "डेनिस गेली. काही न सांगता गेली. बापानं काय घोडं मारलं होतं तिचं?" लॉर्नालाही वाटायचं, खरंच काय घोडं मारलं होतं? जावई बॅरी तर अजून दर रविवारी येतो. वर्तमानपत्र आणतो, कचऱ्याचे डबे बाहेर काढतो, लॉर्नाच्या छपराची पन्हळसुद्धा त्यानं एकदा साफ करून दिली होती. तेव्हा त्याला केकचा तुकडा देताना तिच्या मनात आलं होतं, मुलगी गेली पण जावई टिकला.

शनिवारी दुपारी ती सुपाचं भांडं घेऊन गेली तेव्हा हे सगळं तिच्याबरोबर उंबरा ओलांडून आत गेलं.

"ये, पोरी," विल्फ म्हणाला. "नर्स येऊन गेली. म्हणाली, खुशाल हवं ते खा. हवं ते खा म्हणाले की समजावं."

"समजायचं काही नाही. लीकच्या पातीचं सूप आहे. निमूट खा."

त्यानं चमचा हातात घेतला, पण भांड्यात घातला नाही.

"तुमच्या ऑफिसात घरं घेणाऱ्यांची नावं येतात ना गं?"

"आमच्याकडे नावं नसतात, विल्फ."

"पण माणसं बोलतात तुझ्याशी. देशभरातली." बोलताना त्याला धाप लागली, ती उतरेपर्यंत लॉर्ना खाली बघत राहिली. "डेनिस आता चोपन्नची असेल. भाड्याच्या घरात किती दिवस काढेल? कधीतरी घर घेईलच. बापाच्या हाताशी दिवस थोडे आहेत. तुला कुठं कानावर आलं तर..."

"मला सांगता येत नाही."

"येत नाही, की माहीत नाही?"

लॉर्नानं उत्तर जुळवायला घेतलं. नेहमीचं वाक्य तिला पाठ होतं, लोकांना रोज ती ते सांगत असे. "मी कुणाबद्दलच काही सांगू शकत नाही. माहीत असलं तरी, नसलं तरी. कुणी माझ्याशी बोललं की नाही, हेसुद्धा नाही."

हे बोलताना तिचा आवाज स्थिर होता. पण हात उगाच विल्फच्या मांडीवरचं पांघरूण सारखं करत होते. एकदा केलं, पुन्हा केलं. मान वर करायला तिला जमेना.

विल्फ तिच्या हातांकडे बघत होता.

"बरं," तो म्हणाला. "पत्ता नको. जिवंत आहे का तेवढं?"

हो म्हणणं म्हणजे विश्वास मोडणं होतं, नाही म्हणणं म्हणजे या म्हाताऱ्याला जिवंतपणी मारणं. लॉर्नानं डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, आता तो रडेल, नाहीतर भांडं भिरकावून देईल.

विल्फनं तिच्या मनगटावर हात ठेवला. जाड, खरखरीत हात.

"राहू दे, पोरी. नको सांगूस." तो खिडकीकडे बघत होता. "मला सांगितलेलं माझ्यापाशी राहत नाही. उद्या बॅरी यायचाय. तो दर वेळी विचारतो."

मग त्यानं चमचा भांड्यात बुडवला आणि हळूहळू, एकेक घोट घेत, सूप संपवलं. पुढं दोघं फुटबॉलबद्दल बोलली.

*

रविवारी सकाळी लॉर्ना कपडे वाळत घालत होती तेव्हा गल्लीत बॅरीची गाडी थांबल्याचा आवाज आला. दार आपटलं. ती हातातली चादर तशीच धरून उभी राहिली.

घंटा वाजली. पुन्हा वाजली.

"विल्फ! मी आहे, बॅरी!"

नंतर दारावर थापा. मग दारातल्या पत्रांच्या फटीची झडप वर करून आत मारलेली हाक. "ओ म्हातारबुवा! झोपलात की काय?" पुन्हा थापा, आता जोरात. शेवटी, "थेरड्याला वेड लागलंय," असं काहीसं पुटपुटणं, आणि गाडी निघून गेली.

चादर टोपलीत टाकून लॉर्ना मागच्या गल्लीतून धावली. विल्फनं केव्हाचीच देऊन ठेवलेली मागच्या दाराची किल्ली कुलपात नीट बसेना. आत शिरताना तिनं त्याला हाक मारली नाही. उत्तर आलं नाही तर, अशी भीती होती.

विल्फ खुर्चीत ताठ बसला होता. दाढी केलेली, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. टीव्ही बंद होता. समोरच्या दाराला आतून कडी होती, आणि वरची गंजलेली खिटीही सरकवलेली. तिथवर त्याचा हात कसा पोचला असेल कोण जाणे, कारण प्राणवायूची नळी तेवढी लांब नव्हती. त्याची छाती अजून भात्यासारखी हलत होती.

लॉर्ना त्याच्याजवळ गेली. कानातलं ऐकायचं यंत्र जागच्या जागी होतं, आणि ते चालू असल्याचा बारीक हिरवा दिवा लागलेला होता.

"कुणी आलं होतं का?" विल्फनं विचारलं.

लॉर्नानं खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली.

"नाही," ती म्हणाली. "मला नाही ऐकू आलं."