शेजारची सीट

पियानोच्या आतला हातोड्यांचा सांगाडा चांगला साडेचार फूट लांब असतो. दुरुस्तीसाठी घरी आणायचा तर माझ्या मारुतीत मावत नाही. म्हणून हिरामण मेकॅनिकला म्हटलं, पुढची डावीकडची सीट काढ आणि तिथे फळी बसव.

"मग शेजारी कोणी बसायचं कुठं, काका?"

"कोण बसणार आहे? तू तुझं काम कर!" मी खेकसलो.

त्या सीटवर माझी बायको एस्तेर बसायची. पियानो सुरात लावताना मला खोलीत दुसऱ्या कोणाचा श्वासही खपत नाही, तिचासुद्धा. म्हणून ती गाडीतच विणत बसायची. गेल्या नाताळात ती वारली.

फळीवर गोधडी अंथरली, सुट्या तारांची पेटी पट्ट्याने बांधली, हत्यारांची पिशवी मागे टाकली आणि देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यावर गेलो. काम आटोपून सांगाडा घेऊन बाहेर आलो, तर डावीकडची काच सताड उघडी! पेटी कोणी उचलून नेली असती म्हणजे? काच धड बसवली नाही म्हणून हिरामणला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

मग आठवलं. उतरताना मीच वाकून ती खाली केली होती. बाहेर ऊन होतं, आणि एस्तेरला गाडीत फार उकडायचं.