सातव्या दिवसाचा फोन

हॉस्पिटलातला टेलिफोन बोर्ड बंद होऊन दोन वर्षं झाली होती, पण ऑपरेटरबाईंची खोली तशीच होती आणि खोलीत ऑपरेटरबाईही. निवृत्तीला अजून चार वर्षं होती. सगळ्यांच्या हातात मोबाइल आल्यावर बाईंना कागदांवर शिक्के मारायचं काम मिळालं. एकवीस वर्षं दिवसाला तीन-तीनशे फोन जोडून दिलेल्या बाईला मुकाट्याने शिक्के मारायला बसवलं, की तिचं काय होतं ते तिलाच ठाऊक.

एका सोमवारी संसर्ग नियंत्रणाची सिस्टर त्यांच्याकडे आली. इथे बरं व्हायला आलेल्या माणसाला इथलाच एखादा नवा आजार चिकटू नये, हे बघणं सिस्टरचं काम. तीनशे खाटांमागे ती एकटी.

"बाई, सिझेरियन झालेल्या बायका चौथ्या दिवशी घरी जातात," ती म्हणाली. "टाके बिघडायचे ते सातव्या-आठव्या दिवशी बिघडतात. तेव्हा त्या इथे येत नाहीत, गल्लीतल्या डॉक्टरकडे जातात. आपल्या रजिस्टरात मात्र शंभरात दोनच. मला काही ते खरं वाटत नाही. तुम्ही फोन कराल?"

"नंबर आणा," ऑपरेटरबाई म्हणाल्या. शिक्क्याची डबी त्यांनी तिथल्या तिथे कपाटात टाकली.

सिस्टरने पाच प्रश्नांचा छापील कागद दिला. जखम लाल आहे का, पू येतो का, ताप आहे का, असे. पहिल्या आठवड्यात बाईंनी तीस घरी फोन केले. तिसाच्या तीस ठिकाणी एकच उत्तर आलं, "सगळं छान आहे." बहुतेक फोन सासूच उचलायची, आणि हॉस्पिटलातून फोन आहे म्हटल्यावर तिला वाटायचं, काहीतरी चुकलं म्हणून विचारताहेत.

आठवडा संपला त्या संध्याकाळी जेवताना बाईंनी तो कागद नवऱ्यापुढे वाचला. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे आणि दिवसाकाठी मोजून वीस वाक्यं बोलायचे.

"यात मी नापास झालो असतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"गुडघा दुखतो का विचारलंस, की मी नाहीच म्हणणार. जिना चढताना कुठला पाय आधी टाकता, असं विचार."

बाईंनी घास हातातच धरला. "आणि कुठला टाकता?"

"डावा," यजमान म्हणाले, आणि त्या दिवसाचा कोटा संपल्यासारखे पुन्हा जेवायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी तो कागद बाजूला ठेवला. आधी बाळाची चौकशी. दूध ओढतं का, रात्री कोण जागतं, नाक कुणाचं घेतलंय. मग सहज विचारायचं, "बाळाला घेताना पोटाशी धरते का ती, की बाजूला? कपड्याला डाग पडतो का? दिवसातून किती वेळा बदलावा लागतो?" आता फोनवर माणसं खुलली. एका सासूबाई पाऊण तास बोलल्या. एक सूनबाई तर रडायलाच लागली, आणि मग म्हणाली, दोन दिवसांपासून घाण वास येतोय, पण घरात कुणाला सांगितलेलं नाही. बाईंनी तिला त्याच दुपारी बोलावून घेतलं. सिस्टरने स्वतः जखम साफ केली आणि पुवाचा नमुना लॅबला पाठवला. पुढे ज्या-ज्या बाईचे टाके बिघडल्याचं कळलं, तिला असंच बोलावलं.

पहिल्या आठवड्यातल्या तीस घरीही बाईंनी पुन्हा फोन केले. सहा आठवड्यांत दोनशे बारा बायकांची माहिती गोळा झाली. चोवीस जणींचे टाके बिघडले होते. म्हणजे शंभरात अकरा.

मोठ्या डॉक्टरांनी दोघींना बोलावून घेतलं. हॉस्पिटलचा सगळा कारभार त्यांच्या हातात होता, आणि पुढच्या महिन्यात वरून तपासणी यायची होती.

"तुम्ही फोन करायला लागल्यापासून माझ्याकडचा संसर्ग पाचपट वाढला!" ते ऑपरेटरबाईंवर कडाडले.

"साहेब, मी फक्त ऐकलं. तो आधीपासून होताच."

"मग ऐकणं बंद करा."

सिस्टर काही बोलणार तोच बाई म्हणाल्या, "चालेल. पण साहेब, पुढच्या आठवड्यात तुमच्या पुतणीला सिझेरियनसाठी इथेच दाखल करताय ना? तिला तरी सातव्या दिवशी फोन करू की नको?"

"पंधरा दिवस देतो," मोठे डॉक्टर शेवटी म्हणाले. "नुसता आकडा नको. कारण आणा."

बाहेर आल्यावर सिस्टर भिंतीला टेकली. "बाई, तुमची कमाल आहे! पण कारण आणायचं कुठून? ऑपरेशन थिएटर मी दोनदा तपासलंय. तिथे सगळं चोख आहे."

"कुठेतरी पाणी मुरतंय," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "बायकांनाच विचारू."

त्यांनी चोवीस जणींना पुन्हा फोन लावले. या वेळी एकच विचारलं. इथे दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत काय-काय झालं, सगळं सांगा. अकराव्या घरी एक फटकळ सासूबाई भेटल्या.

"सगळं सांगू? मग ऐका. माझ्या दोन्ही सुना तुमच्याच दवाखान्यात बाळंत झाल्या. थोरलीच्या वेळी त्या पिवळ्या औषधाचा वास दोन दिवस नाकातून जात नव्हता. धाकटीचे टाके पुसले त्याला वासच नाही! मी तिथेच म्हटलं, हे औषध आहे की सरबत?"

"कुठे पुसले हो टाके? वॉर्डात?"

"छे. जिन्याजवळच्या त्या खोलीत. आठवड्याने बघतो तर धाकटीच्या टाक्यांतून पू."

बाईंनी फोन ठेवला आणि वहीत दोन नवे रकाने आखले, वास आणि खोली. आधीच्या दहा जणींना परत फोन. उरलेल्या तेरा जणींनाही. मग ज्यांचे टाके नीट भरले होते, अशा साठ जणींनाही. घसा बसला, तेव्हा त्या गरम पाणी पीत बोलत राहिल्या. चोवीसपैकी एकोणीस जणींचं ड्रेसिंग जिन्याजवळच्या खोलीत झालं होतं, आणि औषधाला वास असल्याचं त्यांतल्या एकीलाही आठवत नव्हतं. बऱ्या झालेल्या साठांत त्या खोलीत गेलेल्या फक्त नऊ. बाकीच्यांचं वॉर्डात झालं होतं. तिथे औषधाच्या लहान सीलबंद बाटल्या येत.

सिस्टर वही घेऊन तडक जिन्याजवळच्या खोलीत गेली, मागोमाग बाईही. कोपऱ्यात, नळाखाली, प्लास्टिकचा एक मोठा कॅन होता. ड्रेसर मामा पट्ट्या कापत बसले होते. सत्तावीस वर्षांची नोकरी, हात हलका, बायकांना धीर देण्यात तर त्यांचा हातखंडा.

"मामा, हा कॅन कधी धुतला होता?" सिस्टरने विचारलं.

"रिकामा झाला तर धुणार ना, सिस्टर. तो रिकामा होतच नाही. अर्ध्यावर आला की थोडं औषध घालतो, बाकी पाणी."

"नळाचं?"

"मग कुठलं?" मामा उठून उभे राहिले. दोघींचे चेहरे बघून त्यांचा आवाज खाली आला. "औषध पुरवून वापरा असा कागद आला होता वरून. मी काही चुकलो का?"

कॅनमधला नमुना लॅबला गेला. तिसऱ्या दिवशी निकाल आला. बिघडलेल्या टाक्यांमधून जो जंतू निघत होता, तोच कॅनमध्ये सुखाने नांदत होता. जंतू मारायच्या औषधातच त्याने बिऱ्हाड केलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी अहवाल वाचला आणि विचारलं, "कुणी केलं हे?"

मामांनी जपून ठेवलेला तो कागद सिस्टरने टेबलावर ठेवला. औषध काटकसरीने वापरावे, नवी मागणी करू नये. खाली सही मोठ्या डॉक्टरांची.

त्यांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मामांना कुणी एक शब्द बोलायचा नाही," ते म्हणाले. "माझी सही आहे, तर हे माझ्याकडे. त्या एकोणीस जणींना मी स्वतः भेटेन. वॉर्डासारख्या सीलबंद बाटल्या आजपासून त्या खोलीतही. आणि तपासणीला येणाऱ्यांना अकराचाच आकडा दाखवा. खाली काय केलं तेही लिहा."

चोवीसपैकी तेवीस जणी औषधं आणि रोजच्या ड्रेसिंगने बऱ्या झाल्या. फटकळ सासूबाईंच्या धाकट्या सुनेचे टाके मात्र पुन्हा घालावे लागले. ती नऊ दिवस दाखल होती आणि सासूबाई नऊही दिवस ड्रेसिंगच्या वेळी समोर उभ्या राहून बाटलीचं झाकण हुंगून बघत. मामा आपणहून बाटली त्यांच्यापुढे धरायचे. नवव्या दिवशी सासूबाईंनीच त्यांना बाळ घ्यायला दिलं.

पुढच्या सहा आठवड्यांत दोनशे एक ऑपरेशनं झाली आणि सात जणींचे टाके बिघडले. सिस्टर आनंदाने आकडा सांगायला आली, तर ऑपरेटरबाई त्या सात जणींची नावं मांडून बसल्या होत्या. "या सात जणी कुठून आल्या ते अजून कळलं नाही," त्या म्हणाल्या.

एवढ्यात दारात हाडांचे डॉक्टर उभे. "तो सीलबंद बाटल्यांचा नियम म्हणे आमच्या वॉर्डालाही लावणार. अहो, आमच्या पेशंटना संसर्ग होतच नाही," ते हसून म्हणाले. "वर्षभरात एकही नाही."

"फारच छान," बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना, डॉक्टर. त्यांचे फोन नंबर आणलेत का?"