पडद्याआडचं जेवण

मास्तरांची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते, असं त्यांच्या शिलाईच्या दुकानात सगळे म्हणायचे. माप घेताना गिऱ्हाइकाच्या सुटलेल्या पोटाची, वाकड्या खांद्याची ते अशी फिरकी घ्यायचे की गिऱ्हाईक स्वतःच हसत सुटायचं. त्याच जिभेच्या कडेला फोड आला, तो काही बरा होईना, आणि तपासणीत कॅन्सर निघाला. अर्धी जीभ काढली, तिच्या जागी हातावरचं मांस लावलं. रेडिएशनआधी होते नव्हते ते दातही काढून टाकले. मग बऱ्याच महिन्यांनी कवळी आली.

कवळी आली की सगळं पहिल्यासारखं होईल, असं मास्तर धरून चालले होते. कसचं काय! घास गालात जाऊन बसला की जीभ त्याला हलवेना. बोट घालून काढावा लागे. खालची कवळी घासागणिक उचलली जायची. ओठाची एक बाजू बधिर, त्यामुळे हनुवटीवर काय ओघळलंय ते कळायचंच नाही. दवाखान्यातल्या बाईंनी नीट शिकवलं होतं: घास लहान, दोन्ही बाजूंना थोडा थोडा, वर पाण्याचा घोट. "आणि आरशासमोर बसून खा," असंही त्या म्हणाल्या होत्या.

आरसा दुकानातल्या ट्रायल रूममध्ये होता, पुरुषभर उंचीचा. एक वाजता दोघं कारागीर कटिंगच्या टेबलावर डबे उघडायचे, तेव्हा मास्तर आपला डबा घेऊन पडद्याआड जायचे. निम्मा डबा तसाच राहायचा. घरी गेले की "दुकानात पोटभर खाल्लं" म्हणून बायकोला सांगायचे. सदरा अंगावर हँगरला अडकवल्यासारखा लोंबायला लागला होता.

त्या दिवशी डब्यात उकडलेलं अंडं होतं. तिसऱ्याच घासाला बलक टाळूला चिकटला. मास्तरांनी खालची कवळी काढून हातात घेतली, बोट तोंडात घातलं, आणि तेवढ्यात पडदा सर्रकन सरकला. समोर वकीलसाहेब, हातात नवी पँट. वीस वर्षांचं गिऱ्हाईक.

"माफ करा हं, मला वाटलं रिकामी आहे." त्यांनी घाईघाईने पडदा ओढला. बाहेर कारागिराला हलक्या आवाजात म्हणाले, "राहू दे, पँट पुढच्या आठवड्यात बघू."

ते हसले असते तर परवडलं असतं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कवळी रुमालात गुंडाळून, तोंडावर हात धरून ते मागच्या दाराने निघाले ते थेट घरी.

बायको स्वयंपाकघरात एकटीच जेवत होती. "अहो, काय झालं? बरं नाही का वाटत?"

कवळीशिवाय त्यांचं बोलणं परक्याला कळलं नसतं, तिला कळायचं. घडलं ते सगळं त्यांनी सांगितलं. मग खाली बघत म्हणाले, "तुझ्या बाबांना मी मागच्या खोलीत जेवायला लावलं होतं."

सासरे शेवटचं वर्ष त्यांच्याकडे होते. तोंडात एक दात नाही, खाताना मचमच व्हायची. मास्तरांनी एकदा पाहुण्यांसमोर त्यांची नक्कल केली. सगळे पोट धरधरून हसले, सासरेही हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं ताट मागच्या खोलीत जायला लागलं. "त्यांचीच सोय," असं मास्तर तेव्हा म्हणाले होते.

बायकोने हातातला घास ताटात ठेवला. "आठवतं मला. ताट मीच नेऊन द्यायचे."

"कधी बोलली नाहीस."

"तुमच्या तोंडाला लागायची कोणाची हिंमत होती? राग होता. खोटं कशाला सांगू, अजूनही आहे. पण तुम्ही उपाशी राहून त्यांच्या पोटात काय पडणार आहे?"

तिने बटाटा दुधात मऊ कुस्करला आणि वाटी समोर ठेवली. "कवळी धुऊन आणा. आणि बसा इथेच."

"तू बघू नकोस."

"बघणार. हनुवटीवर सांडलं तर सांगणार कोण?"

पहिल्याच घासाला कवळी टक्कन वाजली. मास्तरांची मान खाली गेली. "डावीकडे लागलंय," ती म्हणाली आणि आपलं जेवत राहिली. पुढे दोनदा ठसका लागला. एकदा कवळी वाटीतच पडली, तेव्हा ते उठायला निघाले. तिने नुसतं मनगट धरलं. तिचं जेवण केव्हाच संपलं होतं. हात वाळवत ती बसून राहिली. वाटीभर बटाट्याला पाऊण तास लागला, पण वाटी रिकामी झाली.

"उद्यापासून डबा देणार नाही," ती म्हणाली. "एक वाजता घरी यायचं."

मास्तर रोज एकला घरी यायला लागले. कारागिरांसमोर मात्र ते अजून पाणीसुद्धा पीत नाहीत.