चौथं भोक

आसारामनं बोटाच्या पेरानं भिंतीतल्या फरशीवर टकटक केलं. वरच्या दोन फरश्या ठक्क वाजल्या, खालची डावीही तशीच. उजवी मात्र मडक्यासारखी वाजली. आतून पोकळ.

साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसात गिझर टांगायचा होता. दुष्काळानं गाळप दोन वर्षं बंद, नळाला थेंब नाही, पण चेअरमन सुंदररावांना पाहुण्यांसाठी गरम पाण्याची सोय हवी होती. आसारामनं ड्रिलनं भोक पाडलं तर फरशीवर बसलेली माशी उठत नाही, असं तेलगावात सांगत. माशी आधीच मेलेली होती, हे तो सांगत नसे. तीस वर्षांत एक फरशी तडकली नव्हती, हे मात्र खरं. त्या नावावरच त्याची चूल पेटायची.

फरश्या बसवणारा गवंडी गहिनीनाथ दारात उभा होता.

"फरश्या भिजवल्या व्हत्या का बे?" आसारामनं विचारलं.

"भिजवल्या की." मग आवाज खाली आला. "ह्यो कोपरा ऱ्हायला, आसारामभाऊ. म्हस व्याली व्हती. भिजवायच्या पाण्याचा एक बॅरल घरी नेला."

कोरडी बसवलेली फरशी सिमेंट धरत नाही, मागं पोकळ राहते आणि भोक पाडताना तडकते. सुंदरराव आले तसं आसारामनं विचारलं, "साहेब, गिझर वीतभर डावीकडं घेऊ का?"

"पाइप हितंच काढलेत. तीस वर्षांचं नाव सांगतो, अन् आता काऊन भितो?"

आसारामनं फरशीवर चिकटपट्टीची फुली मारली, ड्रिल मशीनचा हातोडीसारखा ठोका बंद करून नुसतं फिरणं ठेवलं. ड्रिलचं टोक तापू नये म्हणून पाण्याची धार लागते. धारेला बायको रतनबाईनं टँकरच्या रांगेतून भरून दिलेली पिण्याची बाटली होती. तीन भोकं निम्म्या बाटलीत झाली. चौथ्याला त्यानं उरलेलं सगळं पाणी सोडलं, श्वाससुद्धा धरला.

टक्.

भोकापासून कोपऱ्यापर्यंत केसाएवढी रेघ गेली.

"गवंड्यानं भानगड केली का?" सुंदररावांनी विचारलं. "सांग, आजच हाकलतो त्याला."

गहिनीनाथ भिंतीला टेकला होता.

"न्हाई साहेब," आसाराम म्हणाला. "माजा हात हालला."

वडवणीच्या बाजारापर्यंत ही बातमी पोचायला दोन दिवस लागले. आसारामचा हात थरथरतो म्हणे. बोलावणी थांबली. मशीन खुंटीला टांगून राहिलं.

एका सकाळी गहिनीनाथची बायको कडूबाई तांब्याभर दूध ठेवून गेली.

रतनबाईनं पेला काठोकाठ भरला. तांब्यातलं घोटभर चाखलं. "पातळ हाय गं बाई."

"असणारच," आसाराम म्हणाला. "आमच्या फरशीचं पाणी हाय त्यात."

त्यानं पेला उचलून ओठापर्यंत नेला. एक थेंब सांडला नाही. बघायला रतनबाईशिवाय कुणी नव्हतं.