धोंडप्पा सरांचा रूळ

मी रूळ बोलतोय. बाभळीचा, हातभर लांब, अंगठ्याएवढा जाड. देवणीच्या शिवमूर्ती सुताराने बैलगाडीच्या उरलेल्या लाकडातून मला तासलं. इतका गुळगुळीत दुसऱ्या कुणी करून दाखवावा.

दहावीतली लेक मंजुश्री शिकवणीला घातली, त्या दिवशी त्याने मला धोंडप्पा सरांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "कातडं तुमचं, हाडं आमची." आमच्या भागात लेकरू असंच सोपवतात.

सर इंग्रजीची विरामचिन्हं शिकवत. फळ्यावर एकही चिन्ह न देता उतारा लिहीत. मुलांनी तो वहीत उतरवून चिन्हं घालायची. वह्या तपासून झाल्या की माझं काम. पाची बोटं जुळवून वर धरायची, मी पेरांवर उतरायचो. चिन्ह राहिलं तर दोन रट्टे, जास्तीचं पडलं तर एक. नखं काळीनिळी व्हायची. कुणी ओरडत नसे. ओरडलं की एक वाढायचा. मला वाटायचं, मी शिकवतोय.

मुलांनी वेगळाच धडा घेतला. राहिलं तर दोन, जास्तीला एकच. मग शंका आली की दे स्वल्पविराम. बोर्डाला महिना उरला होता. त्या दिवशी मंजुश्रीने भीतीने प्रत्येक शब्दापुढे एकेक ठोकला. सरांना ती चेष्टा वाटली. त्यांनी मोजायचं सोडून दिलं. कितव्या तरी रट्ट्याला तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मोडलं. तो आवाज माझ्याखालीच झाला.

दुसऱ्या दिवशी शिवमूर्ती लेकीला घेऊन आला. सर म्हणाले, मुभा तुम्हीच दिली होती.

"हाडं आमची म्हनलो व्हतो," शिवमूर्ती म्हणाला. त्याने मला उचललं आणि सरांचा हात टेबलावर दाबला. पहिला घाव मनगटावर बसला. दुसरा बसायच्या आत मंजुश्रीने त्याचा दंड धरला.

"आप्पा, रूळ तुमीच दिला व्हता की."

शिवमूर्तीने सरांचा हात सोडला. मला काखेत मारून तो घरी आला.

आज ती इंग्रजीच्या पेपरला गेलीय. बोट प्लास्टरात, पेन अंगठ्यात आणि मधल्या बोटात. महिनाभर ती तसंच लिहीत होती. उतारा मोठ्याने वाचायची, जिथे दम घ्यावासा वाटे तिथे थांबायची आणि मग पुस्तकात बघायची. हळूहळू चिन्हं जागेवर पडू लागली. कुणी मारलं नाही.

मी ठोकळ्यावर आडवा पडलोय. शिवमूर्तीने लाकूड तासायचा वाकस उचललाय. मार, बाबा. माझ्यासारखा दुसरा मात्र तासू नको. बाभूळ चिवट असते, एका घावात तुटायची नाही. तू थांबू नको.