गप्प केलेली चाचणी

मित्रांनो, मी एक जुनी चाचणी आहे. दचकू नका, शाळेतली नव्हे! मी कॉम्प्युटरमध्ये राहते. प्रोग्राममध्ये कुणी काही बदललं, की तो अजून नीट चालतोय ना, हे आपोआप तपासायचं, एवढंच माझं काम. ठीक असेल तर मी हिरवी होते, बिघडलं असेल तर लाल.

भोरच्या शुभ्राताईंनी मला लिहिलं. गुंजवण्याच्या शेतकऱ्यांनी मिळून भात लावायचं एक यंत्र घेतलं होतं. ते कुणाच्या खाचरात कधी जाणार, याची यादी मोबाईलवर दाखवणारा प्रोग्राम ताई करत होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला लिहून टाकलं. यादी कशी दिसावी, कोण आधी, कोण नंतर, सगळं माझ्याकडून घोकून घेतलं. किती कौतुक झालं माझं तेव्हा!

पण यादीचंच काही ठरलं नव्हतं. यंत्र चालवणारे गोरखभाऊ कधी म्हणत, आळीप्रमाणे पाळी लावा; कधी म्हणत, ज्याचं रोप मोठं त्याला आधी. दर बदलाला मी लाल. चूक कुणाचीच नसायची, तरी मी लाल. ताईंच्या नाकी नऊ आले. शेवटी वैतागून त्यांनी मला बंद केलं. खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं. ओरडून ओरडून मी पार थकले होते.

पुढच्या वर्षी यादीची पद्धत ठरून गेली. मला तेव्हा उठवायला हवं होतं, पण कुणाला आठवणच राहिली नाही. यंदा आषाढात ताईंनी 'पाळी पुढे ढकला' अशी नवी सोय केली. गुंजवण्याच्या साळूबाईंच्या खाचरात पाणी कमी होतं, म्हणून त्यांनी पाळी पुढे ढकलली आणि त्यांचं नाव यादीतून पार गेलं. बाई बिचाऱ्या निरोपाची वाट बघत बसल्या.

दहा दिवसांनी त्या एसटीनं भोरला आल्या. ओल्या फडक्यातली रोपांची जुडी त्यांनी ताईंपुढं, कॉम्प्युटरशेजारी ठेवली.

"कवळं रोप लावलं तर तग धरत न्हाई, ताई, आन् जून झालं की त्याला फुटवा येत न्हाई. माजं जून झालं. म्या नाव दिलं हुतं ना?"

साळूबाई गेल्यावर ताईंनी मला शोधून काढलं. माझ्यातलं सगळं पुसलं आणि एकच ओळ ठेवली: ज्यानं नाव दिलं, त्याचं नाव यादीत असलंच पाहिजे. मग मला चालू केलं. मी क्षणात लाल झाले. खऱ्या चुकीसाठी लाल होण्याची ही माझी पहिलीच वेळ, आणि तीही उशिरा आली.

रोप वाढल्यामुळं यंत्रात बसेना. साळूबाईंनी ते हातानंच लावलं. दिवाळीनंतर भात निघाला तो निम्माच. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, आजचं उद्या बदलणार असेल, तर मला लिहायची घाई करू नका. पण एकदा ठरलं, की मला विसरूही नका. ताईंनी प्रोग्राम दुरुस्त केला; आता मी रोज हिरवी असते. कुणी माझ्याकडे बघत नाही, आणि त्याचं मला काही वाटतही नाही. कधी लाल झाले, तर मात्र माझं तोंड बंद करण्याआधी साळूबाईंचं नाव यादीत आहे का, तेवढं बघा.